डुगडुगी, दुहेरी लोटा आणि लिंबातले रक्त : खानदेशातल्या जादूचा इतिहास

अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. याच अमळनेरात १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाला वाहिलेली अशी संस्था त्या काळात देशात विरळाच होती. नदीच्या वाळूत गारुड्याची डुगडुगी वाजावी आणि तिथून हाकेच्या अंतरावर पंडितांनी मायावादाची चर्चा करावी, असे हे गाव. त्या पंडितांच्या पोथीतही एक जादूगार आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य दाखला देतात : ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढताना दिसतो तो मायावी वेगळा आणि जमिनीवर उभा असतो तो खरा मायावी वेगळा. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या वाचकाला हा दाखला समजावून सांगावा लागत नव्हता, कारण दोरीचा खेळ त्याच्या ऐकण्यात होता.

ज्याच्याकडून तत्त्वज्ञांनी दृष्टान्त घेतला, एकनाथांनी ज्याला भारुडात उभे केले, त्या गारुड्याच्या वाट्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीच आली. खानदेशात त्याचे वर्ष यात्रांवर चाले. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईची यात्रा, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेर. मधल्या दिवसांत गावोगावचे आठवडे बाजार. सोबत बायको-पोरे, गाठोडे, साप असलेल्या टोपल्या आणि जमूरा म्हणून तयार केलेला एक पोरगा.

त्याच्या खेळाची बांधणी पाहण्यासारखी असे. आधी डुगडुगी. चार पोरे जमली की वाट्या आणि चिंध्यांचे गोळे. या वाटीखालचा गोळा त्या वाटीखाली, मग एकाचे तीन, मग एकही नाही. पोरांच्या मागे माणसे उभी राहिली की रिंगण आखायचे आणि पुढच्यांना खाली बसवायचे, म्हणजे मागच्यांना दिसते आणि पुढच्यांना उठून जाता येत नाही. मग जमूऱ्याला आडवे करून त्याच्यावर चादर टाकायची. उस्ताद, म्हणजे गारुडी, गर्दीत फिरून कोणाचे घड्याळ, कोणाची अंगठी, कोणाची दोनाची नोट हातात घेणार आणि चादरीखालचा पोरगा वस्तू अचूक ओळखणार. ही किमया प्रश्नाच्या शब्दांत दडलेली असे. ‘सांग’, ‘लवकर सांग’, ‘नीट सांग’ अशा प्रत्येक बोलाला एकेक वस्तू ठरलेली. रंगांना वेगळे बोल, आकड्यांना वेगळे. असे शेकडो बोल त्या पोराला पाठ करावे लागत, तेही अक्षरओळख नसताना.

पण सगळा खेळ ज्याच्यासाठी मांडलेला असे, ते शेवटी येई. उस्ताद गाठोड्यातून ताईत काढी. एकदा हा बांधला की करणी नाही, बाहेरची बाधा नाही, साप चावायचा नाही. तोवर पाहिलेल्या प्रत्येक करामतीची साक्ष त्या ताइताच्या बाजूने उभी राही. ज्याने अंगठी ओळखली, त्याचा ताईत खोटा कसा असेल? खेळ ताइतापाशी संपे आणि फसवणूक तिथून सुरू होई. पोटासाठी चार आण्यांचा ताईत विकणारा गारुडी आणि त्याच करामतींवर मठ बांधणारा बुवा यांच्यात फरक बराच होता. तरीही दोघांचे भांडवल एकच होते : बघणाऱ्याचा विश्वास.

रेल्वेने या खेळाला स्पर्धक आणले. जी.आय.पी.च्या मुख्य मार्गावर चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे आधीच होती. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला आणि त्याच सुमारास ताप्तीकाठच्या मार्गाने सुरत अमळनेरशी जोडली गेली. नाटक मंडळ्या, सर्कशी आणि पुढे सिनेमाचे तंबू याच रुळांवरून खानदेशात उतरले. पुढे बालगंधर्व झालेले नारायण राजहंस लहानपणी जळगावातच मेहबूबखाँकडे गाणे शिकले, यावरून या गावांना करमणुकीची आणि कलेची किती ओढ होती ते कळते. तिकीट काढून, खुर्चीवर बसून जादू पाहण्याची सवयही याच काळात लागली.

त्या नव्या रंगमंचीय जादूचा एक आद्य मराठी उपासक शेजारच्याच जिल्ह्यातला होता. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बडोद्यात एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी ही विद्या घेतली आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावर देव प्रकट होतात आणि अंतर्धान पावतात हे प्रेक्षकांनी पाहिले. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, कॅमेरा पुन्हा फिरवायचा, ही ती युक्ती. जादूगार असल्याशिवाय ती इतक्या सहज हाती आली नसती. फाळक्यांनी पुढे प्रोफेसर केळफाच्या जादूवरही एक लहानसा चित्रपट केला. करामतीचा कर्ताच पडद्यावर येऊन ‘ही जादू आहे’ असे सांगतो, याला त्या काळात मोल होते.

स्वातंत्र्यानंतर ही कला मोठी झाली. कोलकात्याचे पी. सी. सरकार राजेशाही पोशाखात जगभर फिरले. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांनी एका तरुणीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. ती उठून बसण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेलीच, अशा समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांनी इंग्लंडात दूरध्वनी खणखणवून सोडले. भोळेपणा फक्त खेड्यात किंवा निरक्षरांत असतो, या समजाला इतके ठोस उत्तर दुसरे मिळणे कठीण.

मराठी मुलखात हेच स्थान पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी मिळवले. रघुवीर भोपळे हे त्यांचे नाव. अनाथ विद्यार्थी गृहात वाढलेल्या या माणसाने रशिया, आफ्रिका, जपानपर्यंत प्रयोग केले आणि हजारोंनी प्रयोग करून जादू हा मध्यमवर्गीय कुटुंबाने मुलांना घेऊन पाहायचा स्वच्छ खेळ बनवला. चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती परंपरा चालवली. या घराण्याच्या रंगमंचावर ताईत विकला गेला नाही. पडदा पडला की हिशेब संपला. मराठी माणसाला हातचलाखीचा निर्मळ आनंद ज्यांनी दिला, त्यांत या तीन पिढ्यांचे नाव आधी घ्यावे लागते.

तरीही एक गोष्ट उरत होती. रंगमंचावरचा जादूगार गुपित सांगत नाही. ते त्याच्या धंद्याचे इमान. त्यामुळे नाट्यगृहात टाळ्या वाजवलेला माणूस दुसऱ्या दिवशी हवेतून विभूती काढणाऱ्या बुवापुढे पुन्हा हात जोडू शकत होता. गुपित फोडणारा जादूगार यायला अजून अवकाश होता.

जगात तशी परंपरा होती. १५८४ मध्ये इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटने चेटकिणींच्या नावाखाली चाललेल्या छळाविरुद्ध एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात रस्त्यावरच्या जादूगारांच्या करामती उकलून दाखवल्या. मुंडके तोडून पुन्हा जोडण्यात सैतानाचा हात नसतो, फळीला पाडलेले भोक असते, हे लोकांना कळले तर निरपराध बायका वाचतील, हा त्याचा विचार. आपल्याकडे हे काम डॉ. अब्राहम कोवूर यांनी उचलले. जन्म केरळातला, कर्मभूमी श्रीलंका. १९६३ मध्ये त्यांनी चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचे आव्हान दिले आणि सत्तरच्या दशकात भारतभर चमत्कार उकलण्याचे दौरे केले. त्यांच्यामागून कोइमतूरजवळच्या पोदनूरचे बी. प्रेमानंद आले. बुवांच्या, फकिरांच्या आणि रस्त्यावरच्या जादूगारांच्या करामती गोळा करणे आणि त्या करून दाखवून लगेच फोडणे, यात त्यांनी आयुष्य घातले.

महाराष्ट्रात १९८२ मध्ये श्याम मानव यांनी नागपुरातून अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभारली. तिच्या शाखा तालुक्या-तालुक्यांत निघाल्या, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतही. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, महाविद्यालयीन मुले-मुली, वकील अशी ही मंडळी. संध्याकाळी एकत्र जमायचे, प्रयोगांचा सराव करायचा आणि सुट्टीच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून शाळा, वसतिगृहे, गणेश मंडळे गाठायची. खानदेशात हौशी जादूगारांचे मंडळ म्हणून कोणाकडे बोट दाखवायचे, तर या शाखांकडे दाखवावे लागेल. त्यांनी स्वतःला जादूगार म्हणवून घेतले नाही, पण हात जादूगाराचेच लागत.

त्यांच्या पिशवीतले सामान साधे. लिंबू, सुरी, नारळ, तांब्याचा लोटा, कापूर, हळद, चुना, एखाददोन बाटल्या. कार्यकर्ता भगवी कफनी घालून येतो. ‘या घरावर कोणीतरी करणी केली आहे’, असे म्हणत लिंबू कापतो आणि आतून लाल रस ठिबकतो. मुली तोंडावर हात ठेवतात. नारळाच्या शेंडीवर मंत्राचे पाणी शिंपडले की ती पेटते. रिकाम्या मुठीतून विभूती गळते. जिभेवर कापूर जळतो. लोटा पालथा करून रिकामा करतात, बाजूला ठेवतात, पुन्हा पालथा करतात तर पुन्हा पाणी. असे पाच-सहा वेळा. हा लोट्याचा खेळ आपल्याकडच्या रस्त्यावरच्या जादूगारांचा फार जुना.

मग कफनी उतरते आणि प्रयोगाचा खरा भाग सुरू होतो. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवलेले होते. आम्ल लागताच ते लाल होते आणि लिंबात आम्ल असतेच. शेंडीत सोडियमचा तुकडा दडवला होता, तो पाण्याने पेट घेतो. विभूती भाताच्या पेजेत मळून, गोळी करून बोटांच्या बेचक्यात धरली होती. कापराच्या बाबतीत गुपित एवढेच की जीभ ओली ठेवायची, श्वास बाहेर सोडत राहायचे आणि चटका बसायच्या आत तोंड मिटायचे. लोट्याला दोन भिंती आहेत. त्यांच्यामधल्या पोकळीतले पाणी काठाजवळच्या बारीक छिद्रावर अंगठा असेपर्यंत हलत नाही. अंगठा काढला की हवा आत शिरते आणि पाणी आतल्या भांड्यात उतरते. लोटा मुलांच्या हातात दिला जातो. छिद्र सापडले की जो गलका होतो, तो मघाच्या टाळ्यांहून मोठा असतो. स्वतः गुपित हुडकण्याचा आनंद फसण्याच्या आनंदाला मागे टाकतो, हे या मंडळींनी शेकडो शाळांत अनुभवले.

त्यांची मोठी परीक्षा २१ सप्टेंबर १९९५ रोजी झाली. पितृपक्षातला गुरुवार. पहाटे दिल्लीत बातमी उठली की गणपती दूध पितो आणि काही तासांत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला की दूध खरोखरच कमी होई, आणि हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. त्याच दिवशी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थर होऊन खाली उतरते. पांढऱ्या मूर्तीवर पांढरे दूध दिसत नाही, रंगीत केले की ओघळ लख्ख दिसतो. या प्रयोगाला चमचा, मूर्ती आणि चिमूटभर रंग पुरे. इथे तर कोणी हातचलाखी करणाराही नव्हता. लोकांनी आपणच आपली नजरबंदी केली होती, म्हणून कार्यकर्त्यांचे काम अधिक अवघड होते.

खानदेशाशी या चळवळीचे एक जुने नाते आहे. साने गुरुजी तरुणपणी तत्त्वज्ञान मंदिरात शिकण्यासाठी अमळनेरला आले, मग तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पन्नास वर्षांनी त्याची संपादकीय धुरा दाभोलकरांकडे आली. आणि दाभोलकरांच्या संघटनेची राज्य कार्याध्यक्षपदाची जबाबदारी सांभाळली ती धुळ्याच्या अविनाश पाटील यांनी.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर दाभोलकरांचा खून झाला. अठरा वर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच ते पन्नास हजार रुपये दंड. कीर्तन, प्रवचन, यात्रा, परंपरेने चालत आलेल्या विद्या आणि कला यांना कायद्याने हात लावला नाही. तथाकथित चमत्काराच्या जोरावर लुबाडणे, करणीचा आळ घेऊन कोणाला छळणे, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देता मंत्र, गंडेदोरे करत बसणे हे गुन्हे ठरले. म्हणजे बोट बरोबर ताइतावरच ठेवले. सातपुड्यात डाकीण ठरवून ज्या बायकांना मारहाण झाली, गाव सोडावे लागले, त्यांच्यासाठी तर हे कलम जीवनमरणाचे होते. स्कॉटने चारशे वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी जादूची गुपिते छापली, त्यांच्याच या बहिणी.

कायदा आला, पण जमावाचा विश्वास कधी कुठे वळेल याचा भरवसा नव्हता. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश काही आठवडे मोबाइलवर धावत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना त्या संशयावरून धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही निरपराध होते. ज्या आठवडे बाजारात फिरस्त्या माणसाभोवती रिंगण धरून हसण्याची रीत होती, तिथेच फिरस्त्या माणसाला घेरून मारले गेले. समितीच्या लोकांना लिंबू-नारळाच्या पिशवीत आता मोबाइलवरच्या अफवेची उकलही घालावी लागली.

या साऱ्या वाटचालीत गारुडी मागे पडला. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्याचे नाव आहे, पण धंदा राहिला नाही. १९५९ च्या भीकबंदी कायद्याने रस्त्यावरचा खेळ संशयास्पद केला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने टोपलीतला साप गेला, १९९८ मध्ये माकड आणि अस्वलाचे खेळही बंद झाले. प्राण्यांचे हाल थांबले ते योग्यच झाले. पण साप सोडूनही त्याच्याजवळ पुष्कळ होते : वाट्या-गोळ्यांचा हात, जमूऱ्याची बोली, गर्दी बसवण्याची आणि धरून ठेवण्याची अक्कल. त्यातले कितीतरी आज चमत्कार उकलणारे कार्यकर्ते नकळत वापरतात. दुहेरी लोटा मुळात त्याचाच.

ही विद्या फुकट जाऊ देता कामा नये. इतिहासकार वि. का. राजवाडे गेल्यावर धुळ्याने १९२७ मध्ये संशोधन मंडळ काढून त्यांची दप्तरे सांभाळली. तीच आस्था बोटांत आणि जिभेवर राहणाऱ्या विद्येला मिळायला हवी. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत लोककलांचे अभ्यासक आहेत. लहानपणी जमूरा म्हणून चादरीखाली झोपलेली माणसे आता उतारवयात आहेत. त्यांच्याकडून प्रश्नांचे ठरलेले बोल, वाट्यांच्या हालचाली, लोटा घडवण्याची रीत चित्रफितीवर घ्यावी, त्यासाठी त्यांना मानधन द्यावे, आणि समितीच्या शिबिरांत त्यांना शिकवायला बोलवावे. गुपित कळले तरी हाताची सफाई पाहण्यातली मजा कमी होत नाही, हे शाळेतली मुले रोज दाखवत आहेत. त्यामुळे ताईत न विकताही गारुड्याच्या खेळाला खानदेशात प्रेक्षक मिळेल, आणि त्याच्या नातवंडांना आजोबांचा धंदा सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.